न मारण्याचा डाव

बाबा,

तो हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आज परत चालू केला. कपाट आवरताना तुमच्या मफलरखाली सापडला. आतले जुने सेल फुटून हिरवे पडले होते. ते काढले, पत्र्या खरवडल्या आणि दुकानातले दोन नवे पेन्सिल सेल घातले. चालू होणार नाही अशी जवळजवळ खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तीच इच्छाही होती. पण झाला. तीच पिपाणीसारखी धून वाजली आणि टोपी डोळ्यांवर आलेली ती लहान लहान पोरं स्क्रीनवरच्या मैदानात पळत आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे व्हायला लागले, आणि ती अजून पाचवीतलीच. मला त्यांचा रागच आला.

बारावीत मी नापास झाले त्या आठवड्यात तुम्ही दुकानाचा माल आणायला आदिलाबादला गेला होतात. संध्याकाळच्या बसने परत आलात ते तेलाच्या डब्यांबरोबर हे कुणीतरी वापरून विकलेलं यंत्र घेऊन. आई उखडली. "नापास झाल्याचं बक्षीस आनलं का?" तुम्ही शांतपणे चपला काढत म्हणालात, "रडूनच राह्यली पोरगी. जराक हात तरी गुंतन तिचा." दुकानदाराने तुम्हाला ते क्रिकेट म्हणून विकलं होतं. पहिला बॉल पडला आणि तुम्ही चष्मा वर सरकवलात. "हे कोनतं क्रिकेट? बॅट तं मोगरीवानी हाय, अन् पोट्टं मारल्यावर गोल गोल पयते." तेलुगू, उर्दू, मराठी आपल्याकडे पाट्यांवर सगळं दिसतं, पण स्क्रीनवरची अक्षरं त्यातली कुठलीच नव्हती. तो बेसबॉल होता हे मला फार पुढे कळलं; तेव्हा आपण नियम हरत हरत शिकलो. तीनदा चुकलं की आऊट. समोरच्या पोराचे चार बॉल बाहेर गेले तर आपला गडी न मारताच पहिल्या गादीवर जातो. त्या चौकोनी पिशव्यांना गादी हे नाव तुम्हीच दिलंत.

दुपारी गावात सामसूम असते. भीमपूरची बस येऊन गेलेली असते, दुकानात कुणी फिरकत नाही. तुम्ही पोत्याला टेकून बसता, मी पायरीवर, आणि यंत्र पाळीपाळीने इकडून तिकडे जातं. सुरुवातीला तुम्ही असे बटण दाबायचात की आतून आई ओरडायची, तोडून टाकता काय म्हणून. पुढे हळूहळू तुम्ही मारणंच बंद केलंत. बॉल यायचा, जायचा, तुमचा गडी मोगरी खांद्यावर घेऊन नुसता उभा. मी चिडायचे. "बाबा, मारा ना! काऊन नुसते पाहून राह्यले?" तुम्ही हसायचात. "घाई काऊन करा? ते पोट्टं थकते मंग. थांबलं की आपोआप भेटते." आणि कधीतरी मी आत भाकरी थापत असताना तुमची हाक यायची, "पाह्य वं, न मारता पोचलो!" मी पिठाच्या हातांनी धावत यायचे. ही गंमत मी गावभर सांगितली. शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, तुह्या बापाचं सगळंच तसं, बसल्या जागी पोचते.

त्याच महिन्यात तुम्ही पुड्या बांधणं सोडलंत. एका हाताने कागद वळवून दुसऱ्या हाताने दोरा गुंडाळणारे तुम्ही, गिऱ्हाईकाला म्हणायला लागलात, "तुमीच घ्या काढून, आपलंच दुकान हाय." आई म्हणाली, वयाबरोबर माणूस आळशी होतो. मलाही पटलं. पटवून घ्यायला काय लागतं? आपल्या माणसाकडे रोज पाहतो आपण, आणि रोज पाहतो म्हणूनच पाहत नाही.

मग त्या सकाळी तुम्ही दुकानात बसल्याबसल्या कलंडलात. तोंड वाकडं झालं होतं. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हाथ में कमजोरी कब से है? पकड़ ढीली होना, चीज़ें छूटना, पहले कुछ था?" आईला धड समजलं नाही, तिने माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी मला पोत्याला टेकलेले तुम्ही दिसलात आणि तुमचा तो खांद्यावर मोगरी घेतलेला गडी दिसला. सगळं एकदम कळलं. मी म्हटलं, "नहीं. आज सुबह से." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बाहेर येऊन आईला म्हणाले, असं अचानक होतं, यात कुणाची चूक नसते. तुम्ही खाटेवरून माझ्याकडे पाहत होतात. ऐकलंत की नाही, मला आजवर माहीत नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आई त्या वाक्यावर जगते आहे, बाबा. मागच्या आठवड्यात शेजारचे काका वारले तेव्हाही काकूंचा हात धरून ती सांगत होती, "आमचे बी असेच गेले. अचानक. आधी कायीच नोतं, या पोरीले विचारा." मी मान हलवली. दरवेळी हलवते. खरं बोलून आता कुणाचं भलं होणार आहे, असं मी स्वतःला समजावते, आणि ते खोटं नाही, पण त्याने झोप येत नाही.

आज मी तुमच्यासारखी खेळले. बटणावर बोटच ठेवलं नाही. दुपारभर खेळले, आणि गडी एकदाच गादीवर पोचला. बाकी सगळे उभ्याउभ्या आऊट झाले, एकामागून एक, मान खाली घालून परत गेले. तो डाव कधी डाव नव्हताच. तुम्ही दिवसभर हरत होतात आणि फक्त पोचलात की मला हाक मारत होतात. मला वाईट वाटू नये म्हणून की स्वतःला वाटू नये म्हणून, हे विचारायला आता माणूस नाही. तुमच्या जाण्यानंतरच्या एकाही दिवसाने हे हलकं केलं नाही, आणि पुढचे करतील असं मला वाटत नाही.

आईला वाचता येतं, म्हणून हा कागद घरात ठेवता येणार नाही. चुलीत घालीन. पण त्याआधी एक. मला डॉक्टरांसमोर पहिल्यांदा कळलं असं वर लिहिलं, ते खरं नाही. शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी पाहिलं होतं. तुम्ही डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा उचललात आणि बटणावर नेऊन ठेवलात. तो घसरला. तुम्ही परत उचललात. मी पायरीवरून बघत होते, आणि काय झालं म्हणून विचारलं नाही. मी म्हटलं, "द्या इकडं, झाली तुमची पाळी." तुम्ही लगेच दिलंत.

तुमची पाळी झाली नव्हती. मला खेळायचं होतं.