परत आणलेलं काडतूस

प्रिय रॉस्को,

तू फोडून, सोलून पाठवलेले पेकान पोचले. तुझ्या वहिनीने अर्धे केकसाठी बाजूला काढले आणि उरलेल्यांवर माझा डोळा आहे हे ओळखून डबा सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवला. तरी मी मूठभर खिशात घालतोच. डेपोत बसच्या पोटाखाली आडवा पडलेला असताना एखादा तोंडात टाकतो, आणि डिझेलच्या वासातही आपलं मागचं अंगण डोळ्यांसमोर येतं. गोणपाट पसरून आई खाली बसलेली, आणि फांदीवरून पेकान पाडायचे सोडून तू माझ्या डोक्यावर नेम धरलेला. नेम तुझा तेव्हाही चांगलाच होता.

हे सगळं फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस. काल जेवताना झिपोराने सांगितलं, की थँक्सगिव्हिंगला ती बसने तुझ्याकडे येणार आहे आणि तू तिला बाबांचं पिस्तूल देणार आहेस. चोरून नाही सांगितलं, सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. "काकांनी हो म्हटलंय. माझं बंदूक-परवान्याचं कार्ड आलंय, बाकीचे कागदही रीतसर करणार आहे. पप्पा, तुम्ही फक्त चेहरा पाडू नका." मी चेहरा पाडला नाही. मक्याची पोळी मोडत बसलो. तुझी वर्नेलवहिनी म्हणाली, "ती पोळी खायची आहे, तिचा चुरा करायचा नाहीये." तेव्हा हे पत्र भांडायला लिहीत नाहीये, एवढं आधीच सांगतो. पिस्तूल तिच्या हातात जाण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. पण ती सांगायला मला थोडा वेळ लागेल. आपल्या गावच्या त्या चार खोल्यांच्या शाळेत मला उत्तर नेहमी यायचं, पण ते फळ्यापर्यंत जाता जाता अर्धा तास व्हायचा, हे तू विसरला नसशील.

कर्लिसबद्दल झिपोराने तुला सांगितलंच असेल. वृद्धाश्रमात दोघी एकाच पाळीला होत्या. ऑगस्टमधल्या त्या रविवारी भर दुपारी दोघी थांब्यावर उभ्या होत्या. कर्लिसने बहिणीसाठी पीच घेतले होते आणि ते पिशवीत दबू नयेत म्हणून पिशवी छातीशी धरली होती. रस्त्यापलीकडे कुणीतरी कुणावर तरी गोळ्या झाडल्या. ज्याच्यावर झाडल्या तो पळाला. कर्लिस गेली. झिपोराने तेव्हापासून त्या थांब्यावर पाऊल ठेवलेलं नाही. ती अंधारातून पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाते. मी म्हटलं, अगं, ते तर जास्त धोक्याचं आहे. त्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी माझ्या हातात छत्री होती, पप्पा. छत्री! मी ती उघडली. का उघडली ते मलाच माहीत नाही." मी तिच्यासाठी रोज प्रार्थना करतो, पण प्रार्थना ही तिच्यासाठी दुसरी छत्रीच आहे, असं तिच्या नजरेत मला दिसतं.

आमच्या चर्चमध्येही याच विषयावरून रण माजलंय. मागच्या महिन्यात पाद्रीबाबांनी उपदेश संपवताना जाहीर केलं, की शनिवारी तळघरात बंदुका जमा करून घेऊ, कुणी नाव-गाव विचारणार नाही, बदल्यात किराण्याचं कूपन मिळेल. सगळीकडून आमेन आलं. मग पहिल्या रांगेतून ओडेसा मावशी काठी टेकत उठल्या. ऐंशी पार केलेली बाई, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. म्हणाल्या, "पाद्रीबाबा, तुमचं म्हणणं देवाला पटलं असेल. पण माझ्या जिन्यातला दिवा वर्षभर बंद आहे. माझ्या पर्समध्ये जे आहे, ते माझ्या पर्समध्येच राहणार." मागून कुणीतरी ओरडलं, "तरीच दानाचं ताट फिरवताना तुमच्याशी कुणी हुज्जत घालत नाही!" सगळं चर्च हसलं, पाद्रीबाबाही हसले. तेवढ्यात खांबाजवळची एक बाई उठली. तिचा मुलगा गेल्या वर्षी गेला. ती शांतपणे म्हणाली, "ज्याने माझ्या पोराला मारलं, त्यालाही कुठल्यातरी जिन्याची भीतीच वाटत होती. कोर्टात त्याने तेच सांगितलं." त्या दोघीही खरं बोलल्या, रॉस्को.

शनिवारी तळघरातल्या टेबलाशी मीच बसलो होतो. एक म्हातारा चाप नसलेली गंजकी नळी घेऊन आला आणि कूपनासाठी तासभर वाद घालत बसला. मग एक आजी आल्या. नातवाच्या गादीखाली सापडलेलं पिस्तूल त्यांनी भांडी पुसायच्या टॉवेलात गुंडाळून, तापलेला तवा धरावा तसं लांब धरून आणलं होतं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "टॉवेल माझा आहे, तो तेवढा द्या." घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि गेल्या. कूपन न्यायला विसरल्या. त्या ढिगाकडे बघून आता रस्ता शांत होईल असं मला वाटलं नाही. मी तितका भोळा नाही. पण घरी येताना त्या टॉवेलाचाच विचार करत होतो.

तुझी बाजू मला माहीत आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी कुटुंबमेळाव्यात, सगळ्यांनी मेळाव्याचे ते एकसारखे पिवळे शर्ट घातलेले असताना, मी कायदा कडक हवा एवढंच म्हटलं आणि तू हातातलं हाड ताटात आपटलंस. "तुमच्या शहरात पोरं एकमेकांना मारणार, आणि कायदा माझ्या भिंतीवरच्या बंदुकीला लावणार? वा रे न्याय!" मग आजोबांची गोष्ट काढलीस. ज्या उन्हाळ्यात त्या गोऱ्या लोकांनी आपलं चर्च जाळलं, त्या उन्हाळ्यात आजोबा रोज ओसरीवर बंदूक मांडीवर घेऊन बसले, म्हणून आपलं घर राहिलं. "तेव्हा कुठल्या कायद्याला हाक मारली असतीस, लेम? शेरीफला? पोलिसांचा तो मुख्य त्यांच्याच गाडीत होता!" ती बंदूक नसती तर बाबा मोठे झाले नसते आणि हे पत्र लिहायला मीही नसतो. झिपोरा तेव्हा बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन तुझ्या मागेच उभी होती. मला वाटतं, कर्लिस गेली तेव्हा तिला तुझं तेच बोलणं आठवलं असणार.

आणि मग नेहमीप्रमाणे तू सगळ्यांना हसवण्यासाठी माझ्या काडतुसाची गोष्ट सांगितलीस.

तीच आज मला पुन्हा सांगू दे. बारावं लागलं की थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बाबा जंगलात न्यायचे आणि एकच काडतूस द्यायचे. पिवळं, गुळगुळीत, खिशात जड लागणारं. एकच का, तर म्हणे दुसरं आहे हे माहीत असलं की माणूस पहिलं नीट झाडत नाही. आदल्या आठवड्यात ते मला रोज कुंपणाशी उभं करायचे आणि रिकाम्या बंदुकीने नेम धरायला लावून विचारायचे, "खांबाच्या मागे काय आहे?" मी म्हणायचो, खांब. "खांब मलाही दिसतोय, शहाण्या. मागे काय आहे?" मागे डुकरांचं खुराडं असायचं, नाहीतर आई कपडे वाळत घालत असायची. मग बंदूक खाली. मला त्याचा कंटाळा यायचा. तू नऊ वर्षांचा होतास आणि तुला नेणार नाहीत म्हणून आठवडाभर रुसला होतास. शेवटी आईने तुझी समजूत काढायला माझा जुना तपकिरी कोट कापून तुला शिवून दिला. एका कोपरावर तिच्या निळ्या एप्रनचं ठिगळ होतं. तो कोट तू शाळेतही काढायचा नाहीस.

त्या शनिवारी मी आणि बाबा नारिंगी जाकिटं घालून ओढ्याकडे गेलो. दुपारी परत आलो आणि मी काडतूस आईच्या हातावर ठेवलं. न झाडता परत आणलेल्या काडतुसाची आपल्याकडे लाज नव्हती. आई ते कॉफीच्या डब्यात टाकायची आणि त्या दिवशी पहिलं ताट ते परत आणणाऱ्यालाच वाढायची. मी जेवत होतो, आणि आई तुझ्या कोटाला चिकटलेल्या काटेरी बिया एक एक करून वेचत होती. "हा पोरगा अंगणात खेळतो की झुडपात?" असं पुटपुटत होती. तू विचारलंस, हरीण दिसलं का? मी म्हटलं, दिसलं. मग मारलं का नाहीस? मी अजून वाढ म्हणून ताट आईपुढे केलं. तेव्हापासून सदतीस वर्षं तू ती गोष्ट दर मेळाव्यात सांगतोस. "आमचा दादा हरणासमोर उभा राहिला, त्याला घरी सगळे बरे आहेत ना विचारलं, आणि प्रार्थना करून परत आला!" आणि तुझी पाळी आली तेव्हा बाबांनी तुला ओढ्याकडे न नेता वरच्या उघड्या शेताकडे नेलं, म्हणून तू पुन्हा रुसलास. त्यानंतर बाबा ओढ्याकडे शिकारीला कधीच गेले नाहीत. तुला वाटायचं, तिथे हरणं उरली नाहीत.

रॉस्को, मला हरणाची दया आली नव्हती. बंदूक खांद्याला होती, खटका मी सरकवला होता, नेम अगदी खांद्यामागे बसला होता. बाबा कानात म्हणाले, "आता." आणि हरणामागच्या झाडीत मला निळं काहीतरी दिसलं. कोपराएवढं. तो कोट तुझ्याआधी माझा होता, म्हणून ते ठिगळ मी ओळखलं. बाबांना ते दिसलं नव्हतं. मला हे आजही लिहवत नाही, पण बाबांना, ज्यांनी मला आठवडाभर मागे काय आहे विचारलं, त्यांना ते दिसलं नव्हतं. मी नळी खाली केली. ते चिडून पुन्हा "आता" म्हणाले. मग हरीण उधळलं, आणि त्याच्या मागून तू घराच्या दिशेने पळालास, वाकून, आम्ही बघितलं नाही अशा समजुतीने. बाबा ओल्या पाचोळ्यात तसेच खाली बसले. माझ्या हातातून बंदूक घेऊन काडतूस काढायला त्यांना किती वेळ लागला. मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस. लहान आहे, झोपायचा नाही. तुझ्या आईला तर मुळीच नको." मी शब्द दिला, आणि ते गेल्यावरही पाळला. आज मोडतोय, कारण झिपोरा येते आहे.

पिस्तूल बाबांनी तुझ्यासाठी ठेवलं, ते कुणाला द्यायचं हे तू ठरवायचं. देऊ नकोस, असं मी म्हणत नाही. तिची भीती खरी आहे आणि ती माझ्याने दूर होत नाही. फक्त देण्याआधी तिला ओढ्याकडे ने. माझ्या जागी तिला उभी कर, आणि तू समोर झाडीत जाऊन उभा राहा, जिथे उभा होतास तिथे. ही गोष्ट तू सांग. माझ्या तोंडून ती तिला उपदेश वाटेल. तिला सांग, की जंगलात हरणामागे एकच पोर होतं. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या मागे खिडकी आहे, आणि खिडकीमागे कुणीतरी भाजी चिरत बसलेलं आहे. कर्लिसही कुणाच्या तरी मागेच उभी होती. मग ती जे ठरवेल ते ठरवो. परतीच्या बसवर मी तिला घ्यायला जाईन आणि बॅगेत काय आहे ते विचारणार नाही. आणि एक. दर मेळाव्यात तू माझी टर उडवायचास तेव्हा मी ताटात बघून हसायचो, आठवतं? तुला वाटायचं, दादा लाजतोय. मी देवाचे आभार मानत असायचो, की टर उडवायला तू आहेस.

तुझाच,
लेम्युएल