सुभद्राबाईंचा वरवंटा आणि आमचा सातपुडा

मुक्काम सातपुडा, टुनकीच्या वर
दि. २० जानेवारी १९६३

तीर्थरूप उकंडमामांच्या चरणी भाचा हिंमत याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण आठांपैकी सध्या माझी तीनच अंगं वाकतात. उरलेली पाच मेहकरला आल्यावर घालीन. मामींच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. आपला खोकला कसा आहे? (मेहकरची हवा खोकल्याला मानवते असं आई म्हणते. तुम्हाला मानवते की खोकल्याला, ते मला अजून कळलेलं नाही.) इकडे मी खुशाल आहे. हा शब्द आधी दोनदा खोडला होता, पण तुम्हाला काळजी नको म्हणून तिसऱ्यांदा लिहिला.

मी कॉलेजात नसून डोंगरात कसा, हे सांगतो. चीनच्या लढाईनंतर आमच्या प्राचार्यांच्या मनाने घेतलं की तरुणांना डोंगराची सवय पाहिजे. हिमालय लांब पडतो, सातपुडा जवळ आहे. तेव्हा चार दिवसांची सायकल मोहीम ठरली. शेगाव, वरवट बकाल, संग्रामपूर, टुनकी असं करत सातपुडा चढायचा, पलीकडे मध्य प्रदेशात उतरायचं, तिथल्या पोस्टाचा शिक्का वहीवर घ्यायचा आणि परत. नावं एकतीस जणांनी दिली. निघायच्या सकाळी तिघे उरलो. जानराव कप्तान, कारण त्याच्याकडे नकाशा होता. (नकाशा शाळेतल्या पुस्तकातला, अख्ख्या भारताचा. त्यात सातपुडा करंगळीच्या नखाएवढा होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.) मोतीरामकडे हवा भरायचा पंप होता. आणि मी, कारण बाकीचे अठ्ठावीस जण पळाले तेव्हा मी संडासात होतो.

सामान असं: सतरंज्या, घोंगड्या, पातेलं, कंदील, ज्वारीचं पीठ, गुळाची ढेप आणि अस्वलासाठी हॉकीची एक काठी. हे सगळं सुतळीने सायकलींच्या मागे आवळलं. मोतीराम फोटोसाठी सीटवर बसला तर पुढचं चाक उचललं गेलं, आणि फोटो निघेपर्यंत दोघांनी त्याचं हॅण्डल खाली दाबून धरलं. भाषण झालं, हार झाले, जयजयकार झाला. गावाबाहेरच्या पहिल्या चढाला तिघेही उतरलो आणि सायकली ढकलू लागलो. मामा, या मोहिमेत सायकलीवर बसून झालेला प्रवास मी मनाशी मोजला आहे, पण आकडा लिहायला हात धजत नाही.

वरवट बकालला एका ओळखीच्यांच्या ओसरीवर मुक्काम केला. सकाळी निघताना त्यांच्या शेजारच्या सुभद्राबाई गाठोडं घेऊन आमच्या सायकलींपाशी येऊन उभ्या. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने काडी, आवाज मात्र पाटलाच्या सालदाराचा.

"डोंगरात जाऊन राह्यले न बे पोट्टेहो? मले बहिनीच्या गावाले सोडून द्या. मी काई जड नाही बाप्पा."

जानराव म्हणाला की आजी, ही शैक्षणिक मोहीम आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "हाव, मंग शिका," आणि माझ्या कॅरियरवर बसल्यासुद्धा. माझं पीठ मोतीरामकडे गेलं, मोतीरामचं पातेलं जानरावकडे, आणि जानरावची कप्तानकी सुभद्राबाईंकडे. त्यांचं गाठोडं मोतीरामच्या मागे बांधलं. ते उचलताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा आवाज मी पूर्वी फक्त बैलाच्या तोंडून ऐकला होता.

संग्रामपूरला त्यांची मावसनणंद, पुढे वाटेवर त्यांचा मानलेला भाऊ. प्रत्येक ठिकाणी चहा, प्रत्येक ठिकाणी "पोट्टे कोनाचे?" अशी चौकशी, आणि प्रत्येक ठिकाणी बहिणीसाठी काहीतरी भेट. टुनकी येईतो आमच्या सायकलींवर एक भोपळा, तुरीच्या शेंगांची पिशवी, एक केरसुणी आणि एक जिवंत कोंबडा वाढला होता. कोंबडा जानरावच्या हॅण्डलला उलटा टांगलेला. दर खड्ड्याला तो ओरडायचा आणि जानराव त्याची माफी मागायचा. रस्त्यातल्या लोकांना आम्ही लग्नाचं रुखवत वाटत होतो.

तिसऱ्या दिवशी खरा चढ लागला. दगडांची पायवाट, एका अंगाला दरी. सुभद्राबाईंना सायकलीवर बसवून मी पुढून ओढत होतो आणि जानराव मागून ढकलत होता. मोतीराम मागे राहिला. एका वळणावर त्याने ते गाठोडं सोडून पाहिलं. लुगड्याच्या चार घड्यांत एक दगड! काळा, हातभर लांब, मधे फुगीर, एका टोकाला बोट बसेल एवढा खळगा, धरायला थंडगार. (हे सगळं मला मोतीरामनेच सांगितलं.) त्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं आहे, डोंगरात कोणी दगड घेऊन जातं का? त्याने दगड दरीत सोडला, गाठोड्यात गुळाची ढेप कोंबली आणि हलका होऊन आम्हाला येऊन मिळाला.

अर्ध्या घाटात एका मोहाच्या झाडाखाली बसलो. भाकरी खाता खाता सुभद्राबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. त्यांची आई वारली तेव्हा दोघी बहिणींत वाद झाला, आईचा पाटा-वरवंटा कोणी न्यायचा. धाकटी गोजरबाई पाटा घेऊन गेली, थोरलीने वरवंटा ठेवून घेतला. गोजरबाईचा नवरा जंगल खात्यात नाकेदार, त्याची बदली या डोंगरात झाली. तेव्हापासून बावीस वर्षं एकीने दुसरीचं तोंड पाहिलं नव्हतं. एक आईच्या पाट्यावर परक्या वरवंट्याने वाटत होती, दुसरी आईच्या वरवंट्याने परक्या पाट्यावर. गेल्या पोळ्याला गोजरबाईचा नवरा गेला, आणि सुभद्राबाईंना ते महिन्याने कळलं.

"म्या म्हनलं, आता कायले राग धरू? वरवंटा घेऊन जातो, तिच्या हातात देतो. ते बोलली त बोलली." मग गाठोड्याकडे पाहून म्हणाल्या, "मायचा हात लागेल हाय त्याले."

मामा, त्या वेळी मोतीरामच्या घशात भाकरी अडकली. माझ्याही अडकली, अर्थात सहानुभूतीने. आम्ही "पाणी आणतो" म्हणून उठलो, तिघेही, जानरावला आडोशाला खरं काय ते सांगितलं आणि दरीत उतरलो.

सातपुड्याच्या दरीत काळा दगड शोधणं म्हणजे काय, हे तुम्ही मेहकरला बसून समजू शकणार नाही. तिथे दुसरं काही नव्हतंच. जानरावने आखणी केली, दरीचे तीन भाग पाडले आणि प्रत्येकाने आपापल्या भागातले संशयित दगड मधे आणावेत असं ठरवलं. तीन तासांत सव्वीस दगड जमले. त्यांना ओळीने मांडून मोतीराम एकेकाकडे बघत राहिला, जसा चोर ओळखायला नेलेला साक्षीदार बघतो. वरून सुभद्राबाई हाका मारत होत्या, "कोनतं पानी आनून राह्यले रे? गंगेचं?" शेवटी ओढ्यातला एक गुळगुळीत, लांबट गोटा निवडला, वर आलो आणि सुभद्राबाईंची पाठ वळताच गूळ काढून त्या लुगड्यात बांधला. त्यानंतरच्या चढात जानराव कोंबड्याची माफी मागायचंही विसरला.

गोजरबाईंचं घर गावाच्या टोकाला. त्या दारातच शेण-सडा घालत होत्या. वर पाहिलं आणि हात तसाच राहिला. दोघी दहा पावलांवर उभ्या. सुभद्राबाईंनी गाठोडं सोडलं आणि तो गोटा पुढे केला. गोजरबाईंनी तो घेतला, फिरवला, टोकावरून बोट फिरवलं. मी त्या वेळी पळायला वाट शोधत होतो, पण पाय त्या न वाकणाऱ्या पाच अंगांपैकी होते.

"बाई," गोजरबाई म्हणाल्या, "हा आपला नोहे."

सुभद्राबाईंनी गोटा हिसकावून घेतला. पाहिला. मग आमच्याकडे पाहिलं. जानराव सत्यवादी मुलगा आहे, त्याला कोणी न विचारता त्याने सगळं सांगून टाकलं.

पुढचा अर्धा तास मला सलग आठवत नाही. एवढं कळलं की एक बहीण वाक्य सुरू करायची आणि दुसरी ते पुरं करायची. आमची कुळं, आमची शाळा, आमचे डोळे, आमच्या जन्माची वेळ, सगळं निघालं. सुभद्राबाईंना एक शिवी आठवेना, तर गोजरबाई म्हणाल्या, "माय द्यायची ते, भोकराची!" आणि दोघींना ती एकदमच आठवली. मग त्या हसायला लागल्या. हसता हसता गोजरबाई खाली बसल्या आणि रडायला लागल्या, आणि सुभद्राबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत आम्हाला उरलेलं बोलत राहिल्या.

आज पाच दिवस झाले. वरवंटा सापडला नाही. दोघी जणी आम्हाला रोज सकाळी भाकरी बांधून दरीत पाठवतात आणि संध्याकाळी आणलेले दगड बघून नाकं मुरडतात. अंगणात आता त्या दगडांचा चांगला ओटा झाला आहे. रात्री त्या एकाच घोंगडीत निजून पहाटेपर्यंत बोलत असतात. मध्य प्रदेश इथून समोर दिसतो, असं जानराव म्हणतो.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मामींच्या गुडघ्यांना सातपुड्याची हकीकत सांगू नये.

आपला
हिंमत

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. आमची चाचणी परीक्षा २८ तारखेपासून आहे आणि माझा अभ्यास झालेला नाही. तरी आपण प्राचार्यांना वडीलधाऱ्या नात्याने दोन ओळी लिहाव्यात की भाच्याला अस्वलाने अडवलं आहे. दोन अस्वलं लिहिलीत तर जास्त बरं.

ता. क. दोन. हे पत्र सुभद्राबाईंनी जानरावकडून मोठ्याने वाचून घेतलं. मोतीरामने ते ऐकलं. त्याच्या आग्रहावरून (हॉकीची काठी त्याच्या हातात आहे) लिहितो की गाठोडं त्या दिवशी माझ्या सायकलीवर होतं. म्हातारीला तेच दोघे ढकलत होते. मागे मी होतो.

ता. क. तीन. सुभद्राबाई सांगतात तसं लिहितो: "उकंडरावले सांगजो, अस्वल दोन नाही, एकच हाय, अन् ते तुमचाच भाचा हाय. खोटं लय लिवते. पन भाकर आता गोल थापते, पोरगी पाहाले हरकत नाही."