गाठ झाली, निघते

प्रिय वहिनी,

साष्टांग नमस्कार. अर्थात कागदावरच, कारण हल्ली मी डोकं कुठे टेकवलं की उचलताना त्यातलं थोडं तिथेच राहतं. तुझी कंबर कशी आहे? दादाचा खोकला? आईचे गुडघे? (उत्तरं मला ठाऊक आहेत, पण विचारलं नाही तर ‘बारीक झाली आणि शिष्ट झाली’ असं तूच म्हणशील.) फोन न करता पत्र का, तर तुमच्याकडे फोन वाजला की आई तो आधी स्पीकरवर टाकते आणि मग कोणाचा आहे ते बघते. मला जे लिहायचंय ते आईपासून लपवलेलं आहे, आणि लपवण्यात तुझा अर्धा वाटा आहे.

आपल्या पराक्रमाला परवा पाच महिने झाले. तू ‘बहिणीकडे जाते’ सांगून निघालीस, मी ‘कंपनीच्या ट्रेनिंगला’ गेले, आणि दोघी भेटलो त्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे डॉक्टरांनी माझं पाऊण पोट कापून टाकलं. एकशे अठरा किलोंची मी आज एकोणनव्वद आहे. आईला वाटतं, मी गोड सोडलं. बाबा हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला आपल्या पायांनी चालत गेले आणि परत आले नाहीत, त्याला एकवीस वर्षं झाली, तरी त्या घरात ‘ऑपरेशन’ हा शब्द कोणी काढत नाही. अशा घरात जाऊन, मी हौसेने पोट कापून घेतलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? (हौसेने नव्हे. साखर होती, रक्तदाब होता, दोन पायऱ्यांत धाप लागायची. पण आईच्या लेखी ती हौसच.) आधी वाटलं, टाके सुकले की सांगू. मग वाटलं, वीस किलो उतरले की सांगू. आता वजन उतरलंय आणि केसही उतरलेत.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस जातील, शरीराला धक्का बसलेला असतो, प्रोटीन खा, गोळ्या घ्या, बहुतेकांचे परत येतात. मी तेव्हा मोठ्या उदारपणे ‘जाऊ देत हो’ म्हणाले होते. उदारपणा करायला तेव्हा माझ्याकडे केस होते. आता ते उशीवर आहेत, कंगव्यात आहेत, न्हाणीघराच्या जाळीत आहेत, डब्याच्या झाकणात आहेत, म्हणजे डोकं सोडून सगळीकडे आहेत. कांद्याचा रस लावून पाहिला. केस थांबले नाहीत, पण शेजारीण यायची थांबली. पार्लरवाली म्हणाली, “केस कमी नाहीयेत हो ताई, चेहरा लहान झाल्यामुळे कपाळ मोठं दिसतंय.” काय ही माया! आणि तुला ठाऊक आहे, आईने आजवर माझ्यातली एकच गोष्ट वाखाणली आहे, ती म्हणजे केस. बाकी सगळी मी म्हणे बाबांच्या आत्यावर गेले.

आता ऑफिसचं ऐक. आमची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी, आणि माझं काम म्हणजे कानाला हेडफोन लावून, अडकलेल्या माणसांना मेकॅनिक पोचेपर्यंत धीर देत राहणं. (पूर्वी लिफ्टची चाचणी घेताना मेकॅनिक मलाच आत उभं करायचा. म्हणायचा, “बाई, तुम्ही आलात की वाळूच्या दोन गोण्या कमी उचलाव्या लागतात.” हे तो कौतुकाने म्हणायचा.) ऑपरेशनचं तिथेही कोणाला सांगितलं नव्हतं. जिने चढून वजन उतरवलं, अशी थाप ठोकून दिली होती. लिफ्टच्या कंपनीत जिन्याची इतकी तारीफ झाली की साहेबांनी बोलावून, निदान गिऱ्हाइकांसमोर तरी हे बोलू नका, अशी हात जोडून विनंती केली.

माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसते तिला आम्ही भोंगा म्हणतो. तिला सांगितलेली गोष्ट चहा येण्याआधी तळमजल्याच्या वॉचमनपर्यंत पोचते. मागच्या सोमवारी केसांसाठी डॉक्टरांकडे गेले होते. दोन तास ताटकळले, शेवटी एकदाची भेट झाली, आणि ऑफिसात कळवावं म्हणून हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून भोंग्याला फोन केला. शेजारी स्ट्रेचर खडखडत चाललेलं, मागे कोणीतरी नंबर पुकारतंय, म्हणून मोजकंच बोलले, “डॉक्टरांशी गाठ झाली. आता मी निघते.” त्यातलं ‘डॉक्टरांशी’ खडखडाटात गेलं. उरलं काय, ‘गाठ झाली, आता मी निघते.’ आणि आवाज बसलेला, कारण दोन तास घशात पाण्याचा थेंब नव्हता.

मी ऑफिसात पोचले तेव्हा सगळे उभे. वजन गेलं, केस गेले आणि वर गाठ! सगळा उलगडा त्यांना झाला होता. माझ्या खुर्चीवर मऊ उशी, टेबलावर फुलं. मेकॅनिक डोळे पुसत म्हणाला, “बाई, गोण्यांचं बोललो ते मनावर घेऊ नका.” साहेबांनी चक्क भाषण केलं, त्यात माझा उल्लेख ‘त्या होत्या’ असा दोनदा आला. मी बोलायला तोंड उघडलं की भोंगा माझ्या ओठांवर बोट ठेवायची, “दमू नकोस.” आणि गाठ नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न, मग हे सगळं कशाने? म्हणजे जिन्याची थाप उघडी! खरं सांगू? पहिले दोन दिवस बरं वाटलं मला. इतकी वर्षं कोणी माझ्याकडे पाहून ‘अरेरे’ म्हणालं होतं ते फक्त मी लिफ्टमध्ये शिरताना.

तिसऱ्या दिवशी भोंगा तिच्या आत्याचा विग घेऊन आली. घालून पाहिला, तर आरशात तिची आत्याच दिसली. तेव्हा मात्र राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. पोट, टाके, थाप, सगळं. वहिनी, गाठ नाही म्हटल्यावर माणसांना आनंद व्हावा की नाही? भोंग्याला फसवल्यासारखं वाटलं. उशी परत नेली. फुलं राहिली, कारण ती सुकली होती. साहेब म्हणाले, तरीच, जिन्याने काही वजन उतरत नाही, आणि भलतेच खूश झाले. तर असं चाललंय. काळजी करू नये, प्रोटीन सुरू आहे.

तुझी,
(विरळ झालेली) नणंद

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली, खरं तर लिहवली नाही. उशी नेताना भोंगा म्हणाली, “मी तर सोमवारीच तुझ्या आईलाही फोन करून धीर दिला!” ऑफिसच्या कागदांत आईचा नंबर आहे. त्याच सोमवारी रात्री आईचा मला फोन आला होता. अकरा मिनिटं फोन धरून होती. जेवलीस का विचारलं नाही, कोणाला नावं ठेवली नाहीत. दाराची कडी नीट लागते ना, एवढंच विचारलं. दिवसभर अनोळखी माणसांना फोनवर धीर देणारी मी, आणि आईला नुसतं ‘लागते’ एवढंच म्हणाले. मी फार घाबरलेय, वहिनी.

ता. क. २. म्हणून हे पत्र तुला नाहीच. हाती पडेल त्याच दुपारी आईला बसव आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. ऑपरेशन गाळू नकोस. ती आधी तुझ्यावर भडकेल, बहिणीकडे गेल्याचं खोटं सांगितलंस म्हणून. भडकू दे. मग तिला फोन लावून दे, मी घेते माझ्या वाट्याचं.

ता. क. ३. बाबांचं वाक्य आलं की जरा थांब, तिला पाणी दे. आणि हे तिला मोठ्याने सांग: संमतीच्या कागदावर ‘जवळचे नातेवाईक’ पुढे मी आधी तिचंच नाव लिहिलं होतं. मग खोडून तुझं लिहिलं. सही तू केलीस, पण गुंगी चढेपर्यंत मी हाका तिलाच मारत होते, हे तू तिथे उभी राहून ऐकलं आहेस.