तारवी नावाचं फूल

१४ सप्टेंबर, रविवार

येऊर. आज फेरीला सोळा जण. नितीन-मैत्रेयी पहिल्यांदाच आलेले, घोडबंदर रोडवरून रिक्षाने. भाऊ-भावजय बघायला आले म्हटल्यावर मी जरा जास्तच फॉर्मात. मैत्रेयीला पाचवा महिना, म्हणून सगळ्यांना सपाट रस्त्यानेच नेलं.

कारवीची पानं दाखवून झाली. मग पेडणेकरकाका, जे प्रत्येक गोष्ट वहीत उतरवतात, त्यांनी बोट दाखवलं. "मॅडम, हे कुठलं?"

पांढरं, डेझीसारखं. कडेला आठ पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळं बोंड. एकदांडी नव्हे, ती मी झोपेतही ओळखेन. हे चांगलं कमरेएवढं उंच, पान तीन भागांचं. जन्मात बघितलेलं नाही. आणि सगळी तोंडं माझ्याकडे.

"तारवी," मी म्हटलं.

कुठून आलं तोंडात देव जाणे. मघापासून कारवी कारवी करत होते, त्याचंच शेपूट असणार. वर आणखी "ताऱ्यासारखं दिसतं ना, म्हणून" हेही जोडलं. काकांनी लिहून घेतलं. बाजूला काकड्या विकणारी एक पाड्यावरची बाई बसलेली, ती माझ्याकडे बघून हसली. तिचं हसणं सोडून सगळं छान झालं.

मैत्रेयी दमून त्या झुडपाशेजारीच दगडावर टेकलेली. एकदम पोटावर हात. "ताई, हललं! आत्ता हललं!" पहिल्यांदाच. नितीन वेड्यासारखा नाचायला लागला. तिने तिथलंच एक फूल देठासकट तोडून रुमालात गुंडाळलं. "हे मला कॉलेजातल्यासारखं कागदावर लावून द्याल?"

देईन म्हटलं. न द्यायला काय झालं.


१६ सप्टेंबर

काकांनी फोटो ग्रुपवर टाकला. 'येऊरची तारवी. सौजन्य : वैशाली मॅडम.' एकेचाळीस अंगठे.

मॅडम कसली. वनस्पतीशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक आहे मी. प्रॅक्टिकलला पेट्रीडिश मांडते, स्लाइड पुसते, सव्वीस वर्षं. फेरीतले प्राध्यापक समजतात आणि मी समजू देते. आजवर त्यात कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

ॲपवर फोटो टाकून पाहिला. तीन फोटो, तीन नावं.


५ ऑक्टोबर, रविवार

फूल छान वाळलंय, टीपकागदावर रंगसुद्धा उतरला नाही. शीटवर चिकटवलं. खाली लेबल. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, झाडाचं नाव.

नाव येत नसेल तर जागा कोरी सोडायची. पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच ओरडते, "ठोकून देऊ नका रे, कोरी सोडा, सर भरतील." दहा मिनिटं पेन धरून बसलेले. मग माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं : तारवी.

लाज वाटली का? वाटली. पण लिहिलं.


६ ऑक्टोबर

आज सरांना फोटो दाखवला. सहज, कोणीतरी पाठवलाय असं सांगून. देशमुख सर म्हणजे तीस वर्षं याच कुळातल्या फुलांच्या मागे लागलेला माणूस. चष्मा कपाळावर नेला, फोटो मोठा केला, लहान केला.

"नाही सांगता येणार."

"अंदाजे, सर?"

"दोन-तीन नावं डोक्यात आहेत. बी बघितल्याशिवाय नाही. बाहेरून आलेलं तण असेल बहुतेक. बिया आण, मग बघू."

इतक्या आरामात म्हणाले. चहा पीत. 'नाही सांगता येणार.' त्यांचं काही म्हणजे काही कमी झालं नाही. मी मात्र लॅबमध्ये येऊन नुसत्या धुतलेल्या बाटल्या परत धूत बसले.


१९ ऑक्टोबर, रविवार

फ्रेम घेऊन घोडबंदरला गेले. मैत्रेयीने पलंगासमोर लावली. तिच्याकडे बघून पोटाशी बोलते म्हणे. "तारवी, आत्या आली बघ."

मी म्हटलं, "काय?"

नितीन म्हणाला, "अगं, मुलगी झाली तर तारवी. फायनल. नेटवर शोधलं, कोणाचंच नाव नाही. एकदम युनिक."

कसं असेल, बाबा!

मैत्रेयी म्हणाली, "आणि कानात तुम्हीच सांगायचं. आत्याचा मान." मग हात धरून हळूच, "आधीचं गेलं ना, ताई, तेव्हापासून मी कशालाच नाव दिलं नव्हतं. भीती वाटायची. त्या दिवशी तिथे हललं, आणि तुम्ही नाव सांगितलं."

दोन वर्षांपूर्वी तिचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला, तेव्हा हॉस्पिटलात मीच होते तिच्याजवळ. आजच सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे. तोंड उघडलं आणि म्हटलं, "छान आहे नाव."

माजिवड्यापर्यंत ट्रॅफिकमध्ये रडले. रिक्षावाल्याने आरसा फिरवला.


९ नोव्हेंबर, रविवार

एकटीच येऊर. बिया आणायला. झाडं उपटलेली, रस्त्याच्या कडेची सगळी साफसफाई. एक काडी मिळाली नाही.

काकडीवाली होती, आता आवळे घेऊन बसलेली. फोटो दाखवला. मावशी, याला तुमच्यात काय म्हणतात?

"काय नाय बोलत."

असं कसं?

"गुरं खात नाय, औषधाला लागत नाय. नाव कशाला पायजे?" मग मला नीट बघितलं. "तू तीच ना? त्या दिशी सगल्यांना नाव सांगत होतीस?"

आवळे घेतले अर्धा किलो. वास्तविक आईला आवळे चालत नाहीत.

मला वाटलेलं, निदान पाड्यावर काहीतरी नाव असेल. ते कळलं की मैत्रेयीला सांगता येईल, अगं थोडी चूक झाली, हे असं नाही तसं आहे. चूक म्हणजे जरा सभ्य वाटते. आता चूकही म्हणता येत नाही. थाप म्हणायची.


२४ नोव्हेंबर

रोज फोन होतो मैत्रेयीचा. आज पायाला सूज, काल डोहाळेजेवणाची साडी. रोज फोन उचलताना ठरवते, आज सांगायचं. फोन ठेवते तेव्हा भाजी, डॉक्टर, नितीनचं ऑफिस सगळं बोलून झालेलं असतं.

देवा, मुलगा होऊ दे. असलं काही मागावं लागेल असं वाटलं नव्हतं. शी.


२८ जानेवारी, बुधवार

मुलगी! सकाळी सव्वासातला, कल्याणला, मैत्रेयीच्या माहेराजवळच्याच हॉस्पिटलात. दोघी सुखरूप. आई देवासमोर साखर ठेवून आली आणि मग मला मिठी मारून रडली. मी रजा टाकून धावले.

एवढीशी. मुठी आवळून झोपलेली. नाक नितीनचं. माझं लग्न नाही, मूल नाही, मला आयुष्यात नवीन कोण काय म्हणणार होतं? ही आत्या म्हणेल. किती वेळ घेऊन बसले होते.

मैत्रेयीच्या आईने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. "नाव ठरलंय हो, तारवी. रानफुलाचं. हिच्या नणंदेने शोधलं, त्या तज्ज्ञ आहेत त्यातल्या."

बारसं ८ तारखेला, बाराव्या दिवशी, त्यांच्याच घरी.


५ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

दुपारी गेले. मैत्रेयीची आई बारशाला म्हणायचा पाळणा कागदावर उतरवत आतल्या खोलीत होती, म्हणून बाहेर आम्ही दोघीच. बाळ मांडीवर. म्हटलं, मैत्रेयी, ते फूल मला ओळखता आलं नव्हतं. तारवी असं काही नसतं. मी तिथल्या तिथे बनवलं.

तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे दुसरं नाव आहे का त्याचं?"

असेल. मला माहीत नाही. सरांनाही नाही सांगता आलं. तण आहे बहुतेक.

बराच वेळ बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. मग म्हणाली, "साडेचार महिने, ताई. रोज बोलतो आपण."

हो.

"लेबलवर तुमच्या हाताने लिहिलंत."

हो.

"मी त्या फ्रेमकडे बघून..."

मी म्हटलं, अजून तीन दिवस आहेत, दुसरं नाव ठेवू. तेव्हा मात्र भडकली. आवाज न चढवता, बाळ झोपलेलं ना. "नाव तेच राहणार. पोटात असल्यापासून मी तिला त्याच नावाने हाक मारतेय. तुमच्यासाठी थाप असेल, माझ्यासाठी नाही. पण कानात तुम्ही नका सांगू. ते मला नाही चालणार."

बरोबर आहे तिचं. शंभर टक्के बरोबर. मी मान हलवली. उठताना बाळाच्या पायाला हात लावला, तर तिने पाय दुपट्यात घेतला. थंडी म्हणूनही असेल.

नितीनला तिने काय सांगितलं माहीत नाही. संध्याकाळी त्याचा फोन, तुटक. "शिल्पाला बोलावलंय." शिल्पा म्हणजे आमची चुलत बहीण, बदलापूरची. नात्याने तीही आत्याच.


६ फेब्रुवारी

आईला सांगावं लागलं. ती म्हणाली, "एवढ्या लोकांत एकदा माहीत नाही म्हटलं असतंस तर काय जीभ झडणार होती?"

मी लहान असताना असंच बोलायची. अजून लागतं.


८ फेब्रुवारी, रविवार

लिहायलाच हवं, उद्या मीच मला वेगळं सांगेन.

मैत्रेयीच्या माहेरी पन्नास-साठ माणसं. पाळणा शेवंतीने सजवलेला. मी घुगऱ्यांचे द्रोण भरायला स्वयंपाकघरातच राहिले, बोलवल्यावर बाहेर आले. शिल्पा पुढे झाली, पाळण्यावर वाकली, बायकांनी तिच्या पाठीत हसत हसत धपाटे घातले. कुर्रर्र. तारवी.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, सख्खी आत्या इथे असताना चुलत आत्या कशी काय? सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

मैत्रेयी पाळण्याजवळून म्हणाली, "ताईंचा घसा बसलाय हो सकाळपासून. आवाजच फुटत नाही."

मला झाकलं तिने. माझ्यावर एवढी चिडलेली असून. मी गळ्याला हात लावून मान हलवली. अगदी अंगवळणी पडल्यासारखी.

तास-दीड तास तशीच. लोक लवंग आणून देत होते, मिठाच्या गुळण्या सांगत होते. एका बाईंनी तर गळ्यात मफलर बांधला. मी आपली हसतेय.

मग जेवणं झाल्यावर मैत्रेयीची आई पाहुण्यांना फ्रेम दाखवायला घेऊन आली. बारशासाठी मुद्दाम घोडबंदरहून आणलेली. "हे बघा, हेच ते फूल. दुर्मीळ आहे म्हणे. वैशालीताईंनी स्वतः शोधलंय." दुर्मीळ हे नवीनच. एका काकूंनी पर्समधून कागद काढला, भाचीच्या मुलीसाठी नाव लिहून घ्यायला. म्हणाल्या, अजून कुठली फुलं सुचवाल का, घसा बरा झाला की कळवा.

आणि मी बोलले. स्वच्छ, खणखणीत. "हे दुर्मीळ नाही. हे कुठलं फूल आहे ते मला माहीत नाही. तारवी हे नाव मी बनवून सांगितलेलं."

नितीन हसला, त्याला वाटलं असेल सावरून घेता येईल. मैत्रेयीच्या आईच्या हातात फ्रेम तशीच.

मग कोपऱ्यातून कोणीतरी, "अहो, घसा तर ठणठणीत आहे की यांचा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळे माझ्याकडे बघत नव्हते. मैत्रेयीकडे बघत होते. बाराव्या दिवसाची बाळंतीण, लेकीच्या बारशाला, भरल्या घरात खोटं बोलली, ती माझ्यासाठी. आणि ते मी चव्हाट्यावर मांडलं. खरं बोलायची हौस एवढ्या उशिरा आली आणि तिलाच खोटं पाडून गेली.

ती वाकून बाळाची कुंची बांधायला लागली. आधीच बांधलेली होती ती.

निघताना सगळ्या बायकांनी बाळाला घेतलं, ओवाळलं. मला कोणी घे म्हटलं नाही, मीही मागितलं नाही. दारात मैत्रेयीने आईला वाकून नमस्कार केला. माझ्यापाशी आली, थांबली. तिलाही कळेना, मलाही. मफलर माझ्या गळ्यातच होता, तो काढून तिच्या हातात दिला आणि खाली उतरले.

रिक्षात आई बाहेर तोंड करून. डोंबिवली आल्यावर एवढंच, "तिला फोन कर."

पाच वाजल्यापासून फोन हातात आहे. तीनदा नंबर काढला. ती रोज साडेसहाला स्वतःच करते. सात वाजून गेले.