जीप भरेपर्यंत

अनंतादादा,

माझा ब्लॉग तू बंगळुरात बसून वाचतोस, म्हणून घरचं सगळं आपल्याला कळतं असं तुला वाटतं. कल्याणला लॅबमधून सुटले की मुरबाडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. तेवढ्या वेळात मी मोबाइलवर लिहिते. घरी पोचल्यावर स्वयंपाक असतो, आणि लग्नसराईत कुणाची ना कुणाची हळद असतेच. न जाऊन चालत नाही.

परवा धाकलूकाकांच्या मुलीची, प्रेमाची, हळद झाली. "आईने लग्नाचा धवला गायला, मांडव दणाणला," असं मी लिहिलं. आई गेलीच नव्हती. होळीपासून तिचा गुडघा वाकत नाही. ओटीवरून उतरायचं म्हटलं तरी कुणाचा तरी हात लागतो. मी ते लिहिणार होते, तर तीच म्हणाली, "दादाला नको लिवू गो. उगाच घोर लावून घेल." मग मी मागच्या वर्षीची आई लिहिली.

त्याखाली तुझी कमेंट आली, "मस्त! घरी येऊन गेल्यासारखं वाटलं. आता दिवाळीला नाय आलो तरी चालेल."

आईनं विचारलं, "काय लिवलाय गो त्यानं?"

"दिवाळीला येतो म्हणालाय," मी सांगितलं.

तेव्हापासून ती रोज भिंत धरून ओटीवर येरझाऱ्या घालते. तू येशील तेव्हा तुला काही दिसायला नको म्हणून.

हे तुला पाठवलं तर तू उद्याच निघशील, आणि अजून तिला भिंत सोडता येत नाही.

जीप भरली.

वैष्णवी