आडवं ऊन

१२ मार्च १९६१, आर्णी
आजपासून तोंडाची काळजी घ्यायची. लग्नाच्या मांडवात कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "नवरदेव काळा आहे." माणसांना लाज म्हणून नाही. ग्रामसेवकाची नोकरी म्हणजे दिवसभर सायकल, ऊन, धूळ. काळा होणार नाही तर काय? १८ एप्रिलला बायकोला, हंसाला, माहेरून, बाभुळगावजवळच्या तांड्यावरून आणायचं आहे. तोवर हा प्रेमसिंग गोरा झालेला असेल. प्लॅन : दुपारी बाहेर पडायचं नाही. गावं संध्याकाळी फिरायची. संध्याकाळचं ऊन आडवं असतं. आडवं ऊन लागत नाही, नुसतं दिसतं.

१५ मार्च
जेवणानंतर तोंडाला साय लावून बसलो. माशा. एक नाकात गेली. वास असा, की स्वतःपासून लांब सरकावंसं वाटलं. साय बंद. म्हैसच खराब असावी.

२२ मार्च
संध्याकाळी दोन गावं केली. शेतात कोणी नाही, सगळे घरी निघालेले. खताची माहिती सांगायची तर बैलांना सांगावी लागली असती. गुरांनी उडवलेली धूळ दातांत गेली. किळसवाणा प्रकार. पण धुळीनंही ऊन अडतंच. रिपोर्टात लिहिलं, गावभेट समाधानकारक.

२९ मार्च
जब्बारच्या दुकानातून तोंडाला लावायचा स्नो आणला, लावून फेरीला निघालो. अर्ध्या वाटेत सगळा वितळून कॉलरवर. जब्बार म्हणत होता, "साहेब, छत्री घ्या ना." सायकलवर छत्री धरलेला ग्रामसेवक! शोभतं का?

३ एप्रिल
आरशात बराच फरक. शिपाई उकंडाला विचारलं, रंग उजळलेला दिसते का? म्हणाला, "थांबा साहेब, कंदील आणतो." उद्धट माणूस.

८ एप्रिल
लिंबू! पितळ लिंबानं उजळतं, मग कातडं काहून नाही? दोन लिंबं तोंडाला, मानेला चोळली, न धुता तशीच फेरी. साडेचारला निघालो. साडेचार म्हणजे पाचच. सगळा रस्ता पश्चिमेकडं. चुरचुरतं आहे. म्हणजे काम चालू आहे.

१० एप्रिल
तोंड लाल. फोड. घरमालकीण जैबुनबी म्हणाली, "अरे बेटा, चुलीत पडला का?" अडाणी बाई. आतला काळेपणा वर येऊन राह्यला. वर आला की बाहेर पडणार. आज चार लिंबं. ओरडलो थोडा.

१४ एप्रिल
फोड फुटले. उशी चिकट. स्वतःचीच शिसारी येते. रस जिथून ओघळला, तिथं गालापासून गळ्यापर्यंत काळपट पट्टे. दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "लिंबू लावून उन्हात गेलते का?" मी म्हटलं, उन्हात नाही, संध्याकाळी. ते म्हणाले, "सूर्य होता ना?" असल्या माणसाशी काय बोलायचं? पट्टे जायला काही महिने लागतील म्हणे. मी चार दिवस धरतो.

१८ एप्रिल, हंसाचा तांडा
दोन गाड्या बदलून पोचलो. वाटेत शेजारचा प्रवासी उठून उभा राहिला. मूर्ख.
सासरे धावजी लांबूनच ओरडले, "जवाई, तिथंच थांबा!" त्यांना वाटलं, मला देवी आल्या. बाभळीखाली खाट टाकली. पाण्याचा लोटा वेगळा. पोरं दगडामागून बघायला आली. मी ओरडून सांगत होतो, लिंबू आहे, लिंबू! सासरे म्हणाले, "असंन. पण पोरीले आता नाही धाडत. बरे होऊन या."
दिवस बुडताना हंसा भाकर घेऊन आली. मागून तिची आई ओरडत होती, लांबून ठेव, लांबून! हंसानं भाकर खाटेवर आणून ठेवली. हळूच विचारलं, "दुखते का?"
नाही म्हटलं.
फार दुखत होतं.
उद्या पहिल्या गाडीनं परत. एकटाच.