नववं गाणं

प्रिय अमर,

सोमवारी सकाळी पूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं आणि ओसरीवर बसून आपला ‘उन्हाळी धान’ अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पाच वर्षांनी. वीस वर्षं मोडून पडलेला आपला ‘चुलबंद’ बँड पुन्हा जमवून, लाखनीच्या त्या गोदामात भिंतींना रजया टांगून आपण आठ गाणी रेकॉर्ड केली. झाडीपट्टीतला ब्लूज-रॉक म्हणून किती मिरवलो! आमची ही, सुमन, म्हणते, “एकशे बारा जणांनी आयकला म्हणे. त्यातले शंभर त आपलेच सोयरे असतीन.”

ऐकताना चीड आली, पण लोकांची नाही. तुझी गिटार जिथं रडायला बसते, तिथं माझा ड्रम तिला उठवून पुढे ढकलतो. प्रत्येक गाणं शेवटी पळतं. भजनी मंडळातली सवय. शेवटचं कडवं चढवायचं म्हणजे चढवायचंच. तू किती ओरडायचास, “परस्या, आरती नोहोय हे! प्रसाद सरून राहिला का?” सगळे हसायचे, मीही. पण हात ऐकत नव्हता.

आणि ते नववं गाणं. तुझी गुड्डी तापात गेली, त्यानंतर तू लिहिलेलं. ‘देवा, माह्या पोरीच्या वक्ती तू कुठी होता?’ गिटार आणि आवाज तू एका दमात रेकॉर्ड केलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी काठ्या खाली ठेवल्या. म्हणालो, देवाला असा जाब विचारणाऱ्या गाण्यावर मी वाजवणार नाही. तू अल्बममधून ते गाणंच काढून टाकलंस. त्यापेक्षा माझ्या कानफटात मारायची होतीस! नंतर ना तुझा फोन, ना दिघोरीला माझ्या घरी येणं.

मी रोज त्याच देवापुढे बसतो. धानाला पाणी मागतो, गुडघ्याला आराम मागतो, लाज न बाळगता सगळं मागतो. तुझ्याजवळ एकच प्रश्न होता, बापाचा. देवाच्या वतीनं रागावायला मला कुणी सांगितलं होतं?

गोदामातल्या कॉम्प्युटरवर ते गाणं अजून आहे, हे मला पाच वर्षं माहीत होतं. काल लाखनीला गेलो. हेडफोन लावला, देवाचं नाव घेतलं आणि तुझ्या गाण्यावर ड्रम वाजवला. चार वेळा चुकलो. हात पळायलाच बघत होता. पाचव्यांदा तुझ्या मागे मागे राहिलो. शेवटी गुड्डीचं नाव घेऊन तू थांबतोस, तिथं मीही थांबलो. घाई केली नाही. ते रेकॉर्डिंग घातलेला पेन ड्राइव्ह याच पाकिटात ठेवला आहे.

तुझाच,
परस्या